कोण म्हणायलंय?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडे पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. ती पडली कशी, हे विचारा; चार माणसं पाच गोष्टी सांगतील. एक जण ती दुसऱ्या महायुद्धाला नेऊन बांधतो, दुसरा कुठल्याशा पुढाऱ्याच्या भाषणाला, तिसरा म्हणतो नुसतं यमक जुळलं म्हणून. सगळे छातीठोक सांगतात आणि कागद एकाकडेही नाही. मला यमकवाला पटतो, पण हात त्याचेही रिकामेच. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हीसुद्धा तशीच बेवारस. म्हण बेवारस असली तर कुणाचं काही बिघडत नाही. बातमी बेवारस असली की बिघडतं, आणि पुढची सगळी पानं त्या बिघाडाबद्दल आहेत. म्हणून आत शिरण्याआधी ओट्यावर बसून थोडं बोलावं म्हणतो.

आमच्या बोलीत ‘म्हणत आहेत’ला ‘म्हणायलेत’ म्हणतात. ‘कापसाचा भाव पडणार म्हणायलेत.’ ‘दुधनेला पाणी सोडलं म्हणायलेत.’ ‘मशीन सेट हाय म्हणायलेत.’ कर्ता गायब, तरी वाक्य कुठं अडखळत नाही. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवताना अशा वाक्याखाली मी पोरांना ‘कर्ता अध्याहृत’ असं लिहायला लावलं आणि एक गुण दिला. त्या अध्याहृत जागेवर कोण बसलेला असतो, हा प्रश्न व्याकरणाच्या तासात संपत नाही, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं. माझी आजी निरक्षर होती, तिला ते आधीच कळलं होतं. ओसरीवर गप्पा रंगल्या की ती जात्यापाशी बसूनच विचारायची, ‘कोण म्हणायलंय?’ आणि सांगणारा एकदम खाली बघायचा.

हुकूमशाही कशी असते हे परभणीला पुस्तकातून शिकावं लागत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उरलेल्या देशाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा तेरा महिने झाले होते. कोर्टकचेरी उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत, आणि आमचे लोक मराठी बोलणारे. १९२०च्या दशकात संस्थानात ‘गश्ती निशाण ५३’ निघाली. गश्ती म्हणजे फिरतं पत्रक, ज्याला आपण आज सर्क्युलर म्हणतो. या पत्रकानं सांगितलं की सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी हवी. पुढं खासगी शाळा काढायला परवानगी, तालीम काढायला परवानगी. कागद गावोगाव फिरायला मोकळा, आणि माणसांनी मात्र एका जागी जमायचं नाही, असा तो न्याय होता. गश्तीनं तोंड बंद केलं नाही. बोलायचं तर आधी नाव सांगा, एवढंच ती म्हणाली. नाव सांगितलं की पुढचं काम फौजदाराचं.

तरी माणसं जमली. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, गोविंदराव नानल अध्यक्ष होते. परतूर आता जालना जिल्ह्यात आहे. तेव्हा, आणि १९८१पर्यंत, ते आमच्या परभणीत होतं. हा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण जालनेकर तो आपल्याकडे ओढतात. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती. सरकारनं तिच्यावर जन्माआधीच बंदी घातली. ती बंदी उठायला १९४६ उजाडलं. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ या लढ्यातल्या पुढाऱ्यांची नावं शाळेच्या भिंतीवर तसबिरींत असतात, आणि १७ सप्टेंबरला पोरं त्यांना हार घालतात. हाराच्या गडबडीत एक नाव मागं राहतं, ते आ. कृ. वाघमारे यांचं. त्यांनी १९३८मध्ये ‘मराठवाडा’ हे वृत्तपत्र काढलं. सरकारनं बंदी घातली. मग तेच वृत्तपत्र दुसऱ्या नावानं निघालं. त्यावर बंदी आली, तिसरं नाव. असं ते वर्षानुवर्षं नावं बदलत निघत राहिलं आणि वाचणाऱ्याला दर वेळी ठाऊक असायचं की हे वाघमाऱ्यांचं आहे.

इथं मी घटकाभर थांबतो, कारण माझं सगळं म्हणणं या वृत्तपत्राभोवती फिरतं. त्याचं मथळ्यावरचं नाव खोटं, आतला मजकूर खरा, आणि मजकुराचा धनी कोण हे साऱ्या मराठवाड्याला माहीत. आज माझ्या फोनवर येणाऱ्या निरोपाचं उलटं आहे. पाठवणाऱ्याचं नाव खरं, चेहरा ओळखीचा, बहुतेक वेळा तो माझा साडूच असतो. पण मजकुराचा धनी कोण ते त्याला माहीत नाही, त्याला पाठवणाऱ्यालाही नाही. गश्तीला बोलणाऱ्याचं नाव हवं होतं. आजच्या सत्तेच्या खेळाडूंना, ते कुठल्याही देशातले आणि कुठल्याही पक्षाचे असोत, स्वतःचं नाव पुसायचं असतं आणि तुमचं-माझं वापरायचं असतं.

नाव न पुसणाऱ्याला काय मोजावं लागलं, तेही सांगितलं पाहिजे. शोएबुल्लाखान हा हैदराबादचा तरुण उर्दू पत्रकार. तो ‘रय्यत’मध्ये लिहायचा, ते बंद पडल्यावर त्यानं ‘इमरोज’ हे दैनिक काढलं आणि संस्थानानं भारतात सामील व्हावं, असं उर्दूत, उर्दू वाचणाऱ्यांसाठी, स्वतःच्या नावानं लिहिलं. धमक्या आल्या. ऑगस्ट १९४८मध्ये, २१ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, कचेरीतून घरी जाताना निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी त्याला गाठलं, गोळ्या घातल्या आणि त्याचा हात तोडला. मारेकऱ्यांना लिहिणारा हात वेगळा दिसत होता, यातच सगळं आलं. मराठवाडा मुक्तिसंग्राम म्हणजे दोन धर्मांची मारामारी, असं ज्यांना शिकवलं गेलंय त्यांना मी हा एक मुसलमान संपादक आठवणीनं सांगतो.

रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याच्या त्याच्या गर्जना तेव्हा गावोगाव पोचल्या होत्या. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं स्वतः रेडिओवर येऊन शस्त्रं खाली ठेवल्याचं सांगितलं. आयुष्यभर फर्मानं काढणारा माणूस त्या दिवशी माईकपुढं बसला. रेडिओची गोष्ट निघालीच आहे, तर म्हणीतल्या जर्मनीचंही ऐका. हिटलर जानेवारी १९३३मध्ये सत्तेवर आला आणि त्याच वर्षी तिथं ‘लोकांचा रेडिओ’ म्हणून एक स्वस्त संच विकायला निघाला, किंमत ७६ मार्क. संचाच्या नावातच ३०१ हा आकडा होता, म्हणजे ३० जानेवारी, हिटलर सत्तेवर आला ती तारीख. ऐकण्याचं यंत्र गोरगरिबाच्या घरात पोचवा आणि बोलण्याचं एकट्या आपल्याकडं ठेवा. गोबेल्सचं नाव घेऊन आपण ‘शंभरदा सांगितलेलं खोटं’ वगैरे उगाळत बसतो. मला त्यापेक्षा ही ७६ मार्कांची स्वस्ताई जास्त भिववते. फुकटच्या डेटा पॅकच्या वेळी मला ती आठवली होती.

पण सगळं पाप निजामाच्या पदरात टाकून मोकळं होता येत नाही. फौजांच्या त्या कारवाईनंतर, म्हणजे पोलिस ॲक्शननंतर, संस्थानाच्या काही भागांत मुसलमानांची कत्तल झाली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली, ती १९४८च्या अखेरीस फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे जिल्हे तिला सर्वाधिक होरपळलेले दिसले, आणि एकूण मृतांचा तिचा सावध अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. हा अहवाल स्वतंत्र भारताच्या सरकारनं अनेक दशकं प्रसिद्ध केला नाही. कपाटात ठेवलेल्या अहवालाची जागा मग ‘म्हणायलेत’नं घेतली. एका वस्तीत आकडा लाखांवर गेला, दुसऱ्या वस्तीत ‘काहीच झालं नव्हतं’ असं झालं. दोन्ही वस्त्या एकाच गावातल्या, एकाच आडावर पाणी भरणाऱ्या. खोटं पसरतं ते फक्त खोटं बोलणाऱ्यांमुळे नाही. खरं दडवणाऱ्यांनी त्याला जागा करून दिलेली असते, आणि ते लोकशाही सरकारांनीही केलंय.

आणीबाणीवर इथं फार लिहीत नाही, आत त्यावर बरंच आहे. १९७५ ते ७७ या काळात दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात होते, त्याच परंपरेतलं पत्र, यावेळी कैदेत टाकणारं सरकार मात्र आपलंच निवडून दिलेलं. सेन्सॉरच्या त्या एकोणीस-वीस महिन्यांत आमच्या भागात कुजबुजीला जेवढा भाव आला तेवढा आधी कधी नव्हता. १९७७च्या निवडणुकीत परभणीनं शेतकरी कामगार पक्षाच्या शेषराव देशमुखांना दिल्लीला पाठवलं. वर्तमानपत्रात काही नसताना लोकांना काय कळायचं ते कळलं होतं.

आता माझी स्वतःची कबुली. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध प्यायला. फोन होते ते ठोकळ्याचे, तेही गावात दोन, तरी दुपारपर्यंत देशभर रांगा लागल्या. मी तरुण मास्तर, विज्ञानाचाही तास घेणारा. पृष्ठताण हा शब्द मला येत होता. तरी चमचा धरून उभा होतो, आणि दूध गेलं तेव्हा अंगावर काटा आला होता. त्याच वर्षी परभणीत अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं होतं, नारायण सुर्वे अध्यक्ष. तिथं स्वयंसेवकाचा बिल्ला लावून फिरलेला मीच तो. शिकलेला माणूस अफवेला बळी पडत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हा दाखला देतो.

गणपतीच्या दुधानं कुणाचा जीव गेला नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आलीय, हा निरोप आधीच गावागावांत फिरत होता. त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता, शेवटचा ‘मुलांना जपा’ हा भाग कापून टाकलेला. त्याच दिवशी मालेगावात असाच जमाव आमच्या परभणी जिल्ह्यातून पोटासाठी गेलेल्या पाच जणांवर धावून गेला. त्यांच्यात दोन वर्षांचं लेकरू होतं. जमावाच्या मते तेच पळवलेलं मूल, प्रत्यक्षात मात्र आईबापाबरोबर असलेलं. तिथल्या एका रहिवाशानं त्यांना आपल्या घरात घेतलं, दार लावलं, पोलिसांनी रात्री बाहेर काढलं. पुढं राईनपाड्याच्या खटल्यात फेब्रुवारी २०२४मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. व्हॉट्सॲपनं त्याच जुलैत भारतात एका वेळी पाचांनाच निरोप पुढं ढकलता येईल अशी अट घातली. मालेगावच्या त्या दाराचा विचार मी अजून करतो. जमावाला तो माणूस काय म्हणाला असेल? बहुधा माझ्या आजीचाच प्रश्न विचारला असेल, जरा वरच्या आवाजात.

राईनपाड्यानंतर मी शाळेत दोन तास त्यावर बोललो. एवढं बोलून दीड वर्षानं, करोना यायच्या तोंडावर, ‘कोंबडी खाल्ल्यानं करोना होतो’ हा निरोप मीच पुढं पाठवला. काळजीपोटी. खाली ‘सर्वांनी दक्षता घ्यावी’ अशी माझी ओळ जोडून. चौथ्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्यानं कर्ज काढून तीन हजार पक्ष्यांची शेड टाकली होती. तो ओरडला नाही. म्हणाला, ‘सर, लोकं आधीबी म्हणायलते. पण तुम्ही टाकल्यावर दुकानदार म्हणला, आता सरच म्हणायलेत.’ दर इतका पडला की खाद्याचे पैसे निघेनात. शेवटी त्यानं पक्षी गावात फुकट वाटले, उरलेले खड्ड्यात गेले. सरकार सांगत होतं की कोंबडी खायला हरकत नाही, पण सरकारपेक्षा मास्तरवर गावाचा भरवसा जास्त. अध्याहृत कर्त्याच्या जागी मी जाऊन बसलो होतो. त्या पोराला मी सातवीत त्याच धड्याला एक गुण दिला होता.

म्हणून या पुस्तकात जिथं-जिथं ‘अडाणी जनता’ असा सूर लागेल, तिथं वाचकानं तो खुशाल ओलांडून पुढं जावं. ‘फेक नॅरेटिव्ह’ या शब्दाचंही तसंच. २०२४च्या लोकसभेनंतर आपल्याकडे हा शब्द चुन्यासारखा वापरला गेला, ज्याला जे नको त्यावर फासायचं. खोटं म्हटल्यानं कुठलीही गोष्ट खोटी ठरत नाही. कागद मागावा लागतो आणि कागद देणाऱ्यालाही विचारावं लागतं.

१० डिसेंबर २०२४ला परभणीत रेल्वे स्टेशनसमोर, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापुढं ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली. अटकेतला एक कायद्याचा विद्यार्थी १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. आधी छातीत दुखल्याचं सांगितलं गेलं. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं. त्याच्या आईनं याचिका केली, जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. त्या आठवड्यात आमच्या फोनांवर काय-काय आलं ते इथं लिहून मी त्याला आणखी एक आयुष्य देणार नाही. एवढंच सांगतो की शेकडो निरोपांपैकी शेवटी टिकला तो शवविच्छेदनाचा कागद, आणि तो टिकला कारण एक बाई तो हातात घेऊन कोर्टाची पायरी चढली. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात आंबेडकरांनी राजकारणातल्या भक्तीपासून जपून राहायला सांगितलं होतं. घटनेची प्रतिकृती फुटली की आपण रस्त्यावर येतो, यायलाच हवं. ते भाषण मात्र आमच्या तालुक्यात मी कुणाला मोठ्यानं वाचताना ऐकलेलं नाही.

लोकशाही वाचवायची म्हणजे नेमकं काय करायचं, असं मला तरुण पोरं विचारतात. त्यांना भाषण हवं असतं. माझ्याकडे एक दिवस आहे, तो सांगतो.

१८ एप्रिल २०१९. लोकसभेचं मतदान, जिंतूर तालुक्यातलं एक गाव, मी केंद्राध्यक्ष. आदल्या रात्री शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपलो, डासांनी झोपू दिलं नाही. पहाटे सहाला मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी. दोन पक्षांचे दोन पोलिंग एजंट हजर. त्यातल्या एकाला मी रात्रीच चहाच्या टपरीवर ऐकलं होतं, ‘मशीन सेट हाय, सगळं ठरलेलं हाय म्हणायलेत.’ मी त्यालाच पुढं बोलावलं. किमान पन्नास मतं टाकायची असतात, प्रत्येक बटणाला आणि ‘नोटा’लाही. तो टाकत गेला, व्हीव्हीपॅटच्या खिडकीत चिठ्ठी सात सेकंद दिसत गेली, दुसरा एजंट सिगारेटच्या पाकिटावर रेघा ओढत गेला. मग मशीनचा निकाल काढला, चिठ्ठ्या मोजल्या, रेघा मोजल्या. तिन्ही जुळल्या. निकाल पुसला, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील केल्या, हिरव्या कागदी सीलवर दोघांच्या सह्या घेतल्या. त्याचा ‘म्हणायलेत’ तेवढ्यानं गेला असं नाही. दिवसभर तो मशीनकडे बारीक नजरेनं बघत दारापाशी बसून होता, आणि मला ते आवडलं. एजंटनं असंच बसायचं असतं.

संध्याकाळी दार लागलं. मशीनवर एकूण आकडा आला ६८३. मतदारांच्या नोंदवहीत सह्या आणि अंगठे ६८४. खोलीत एकदम शांतता. नमुना १७ सी म्हणजे दिवसभरात पडलेल्या मतांचा हिशेब. त्याची प्रत एजंटला द्यायची असते, आणि मोजणीच्या दिवशी तो आकडा मशीनशी ताडून बघता येतो. बाहेर कितीही निरोप फिरोत, हा कागद ज्याच्या खिशात आहे त्याला सहसा फसवता येत नाही. बरेच पक्ष तो घ्यायला माणूसच ठेवत नाहीत आणि निकालानंतर सहा महिने ओरडतात, ही गोष्ट वेगळी.

तो एजंट कागदावर बोट ठेवून म्हणाला, ‘ही एक कुठं गेली सर?’

मी नोंदवही उलटून त्याच्यापुढं सरकवली. दुपारी अडीचला एक म्हातारी आली होती, बोटाला शाई लावली, अंगठा दिला, आणि पडद्यापर्यंत जाऊन परत फिरली. ‘मला न्हाई टाकायचं कुणालाच’ म्हणून निघून गेली. नियम ४९ ओ खाली मी तशी नोंद केली होती, शेजारी तिचा दुसरा अंगठा होता. त्यानं ती ओळ बोटानं धरून, ओठ हलवत वाचली. दुसऱ्या एजंटला वाचून दाखवली. मग विचारलं, ‘पेन हाय का?’